राऊतकाकांची सतरावी बॅच

महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या शेजारचे राऊतकाका गॅलरीत बाथरूमची एक पांढरी टाईल उभी धरायचे, तिच्यावर चमचाभर तांबडंकाळं काहीतरी ओतायचे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहायचे. ओघळ खालच्या कडेला पोचायला किती सेकंद लागतात ते पुटपुटत मोजायचे. मग निकाल लागायचा. "बॅच रिजेक्ट."

विरारला राहायला आलो तेव्हा मला वाटलं, माणूस जरा सरकलेला आहे. वर्षभरानंतरही माझं मत तेच राहिलं, फक्त त्यात माया आली.

काका मूळचे आगाशीचे, वाडीवाले. पण केळीच्या बागा भावावर सोपवून त्यांनी गोखिवऱ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनिसाची नोकरी केली. डब्यात भरण्याआधी रंगाचा प्रत्येक घाणा त्यांच्या नजरेखालून जायचा. काका निवृत्त झाले आणि तपासनीस घरी आला. काकूंची आमटी "पातळ आहे, पण शेड चांगली". माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या केकला बोट लावून म्हणाले, "वरचा कोट वाळलेला नाही." काकू म्हणायच्या, "मला पसंत केलं तेव्हा टाईल जवळ नसणार, नाहीतर माझं काही खरं नव्हतं."

टाईलवरचा पदार्थ होता बार्बेक्यू सॉस. गळ्यात तुळशीची माळ आणि आयुष्यात अंडंसुद्धा न शिवलेला हा माणूस कोळशावर मांस भाजताना लावायचा सॉस करत होता, आणि तोही असा की त्यात प्राण्याचं काही म्हणजे काही नको. टोमॅटो उकळून गाळायचे. त्यात चिंचेचा कोळ, गूळ, मोहरीची पूड, मिरी, लसूण, जरासं व्हिनेगर. दाटपणाला भावाच्या वाडीतली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, भिजवून वाटलेली. शेवटी करवंटीचा निखारा वाटीत घालून वाटी पातेल्यात ठेवायची, निखाऱ्यावर तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि झाकण लावायचं. धूर आत मुरला पाहिजे. नवव्या बॅचला तो आत न मुरता जिन्यात गेला आणि सोसायटीचे सेक्रेटरी वाळूची बादली घेऊन धावत वर आले. काकांनी त्यांच्या हातात चमचा दिला.

"तेलाऐवजी तूप घाला की," मी एकदा सुचवलं.

"तूप कुठल्या झाडाला लागतं?" हे त्यांचं पालुपद.

"मग मध घाला. पोळं तरी झाडाला लागतं."

काका गंभीर झाले. "पोळं झाडाला लागतं, बाई. मध माशीचा." मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणत.

"आणि दिवसातून तीनदा दुधाचा चहा पिता तो?"

"तो मी पितो. हा माझ्यासाठी नाही."

"कुणासाठी मग?"

"ओघळ बघा, ओघळ," म्हणून त्यांनी टाईल माझ्यापुढे धरली.

रिजेक्ट झालेला माल मजल्यावर वाटला जायचा. बाटलीवर सुवाच्य अक्षरात लेबल: बॅच अमुक, घटक तमुक, प्राणिजन्य निरंक. आम्ही तो थालीपिठाला लावून खाल्ला, भज्यांबरोबर खाल्ला. बारावी बॅच तर माझ्या नवऱ्याने पावाला लावून दोन दिवसांत संपवली. काकांच्या हिशेबी ती दोन सेकंदांनी नापास होती.

सतराव्या बॅचच्या रविवारी मात्र काका टाईलकडे बघून हळूच म्हणाले, "पास." एवढं म्हणून ते खुर्चीत बसून राहिले. चेहरा असा, की जणू नापास तेच झाले होते. मी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं, तेव्हा कुठे मला सगळं कळलं.

नंदाखाल गावचा पास्कल त्याच कारखान्यात रंग घोटायचा आणि काका तो तपासायचे. तीस वर्षांची दोस्ती. काकांबरोबर जेवता यावं म्हणून पास्कल सोमवारी मुद्दाम शाकाहारी डबा आणायचा. निवृत्त झाल्यावर त्याने वाडीत मोठं जेवण घातलं. काकांसाठी वेगळी शेगडी, नवी कोरी जाळी, त्यावर सुरणाचे काप आणि कापांना पाव्हण्याने आखातातून आणलेला सॉस. काकांनी तीनदा मागून खाल्लं. मग सवयीने बाटली हातात घेऊन लेबल वाचलं. घटकांच्या यादीत मासा निघाला. बिचाऱ्या पास्कलला त्याचा पत्ताच नव्हता.

"आणि हे सगळ्यांसमोर ओरडले, 'मला बाटवलंस,'" काकू म्हणाल्या.

वसईत हा शब्द कुठे जाऊन लागतो ते बाहेरून आलेल्या मलाही ठाऊक होतं. पोर्तुगीजांच्या काळी ख्रिस्ती झालेल्या ज्या घरांनी तो पिढ्यान् पिढ्या ऐकून घेतला, त्यांच्याच अंगणात बसून, त्यांनीच वाढलेल्या ताटावर काका तो बोलले होते. पास्कल एवढंच म्हणाला, "मोरू, ज्यात कुनाचाच जीव नाय असं काय तरी तूच बनव. ते घेऊनच ये आता." त्याला तीन वर्षं झाली होती.

दुपारी मी स्कूटी काढली. मागे काका, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बाटली, पिशवीत टाईल.

पास्कल शेवंतीच्या वाफ्यांना पाणी घालत होता. काकांनी बाटली पुढे केली. त्याने हात लुंगीला पुसले, चष्मा लावला आणि लेबल वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. काकांनी टाईल काढली तर म्हणाला, "ती हिकडं दे."

त्याने ओघळ सोडला. काका हात बांधून उभे राहिले, मान खाली. आपला माल दुसरा तपासत असताना कसं उभं राहायचं हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं.

पास्कलने बोटाने सॉस चाटला आणि बराच वेळ चघळल्यासारखं केलं. "मीठ कमी हाय."

"पास्कल, त्या दिवशी मी तो शब्द..."

"मीठ कमी हाय म्हटलं ना." त्याने टाईल परत दिली. "रिजेक्ट. पुढल्या रविवारी दुसरी आन."

मग तो पुन्हा वाफ्यांकडे वळला. आम्हीही निघालो.

आगाशी आल्यावर काका मागून म्हणाले, "बाई, मीठ बरोबर होतं."

"मी चाखलंय, काका. अगदी बरोबर होतं." मला राहवलं नाही. "पण रिजेक्ट झालेला माल कारखान्यात परत करतात ना?"

"करतात."

"मग बाटली कुठाय?"

"ठेवून घेतली त्याने," काका म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. मी स्कूटी मुद्दाम सावकाश चालवली, आरशात बघितलं नाही. मग त्यांनी विचारलं, "पुढल्या रविवारी मोकळ्या आहात ना, बाई?"