अंगणातला पलंग

"पुन्हा पदर डोक्यावर गेला," शरणप्पा कुजबुजला.

"मी कुटं घेतला? हात आपणहून गेला," चंद्रव्वा तितक्याच हळू म्हणाली.

दुपारची वेळ होती. आतल्या खोलीत चंद्रव्वा पलंगावर बसली होती आणि तिचा नवरा शरणप्पा समोर उभा होता, एका हातात भिंतीवरचा आरसा आणि दुसऱ्या हातात बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन. डब्यावर एक गोरी बाई लोडाला रेलून, केस मोकळे सोडून हसत होती. चंद्रव्वानं तसंच बसावं, अशी खटपट चालली होती.

"ही बाई आजारी हाय का वो?"

"आजारी कशानं? आरामात बसलीय."

"भर दुपारची? हिला सासू न्हाई वाटतं."

शरणप्पाला कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात कारकुनाची नोकरी लागली होती. पंधरवड्यात हजर व्हायचं होतं. बायकोला बरोबर नेण्याचा प्रश्नच नव्हता. सून सासूजवळ राहायची, हे बाळीवेशीजवळच्या त्या गल्लीत कुणी कधी ठरवलं नव्हतं आणि मोडलंही नव्हतं. 'चंद्रव्वाला संगं नेऊ का?' एवढं आईला विचारायला शरणप्पानं दोनदा तोंड उघडलं होतं आणि दोन्ही वेळा ताक मागून परत आला होता.

म्हणून निदान फोटो. घरात लग्नातला एक फोटो होता, पण त्यात चंद्रव्वा घडी घालून ठेवलेल्या घोंगडीसारखी दिसत होती. शरणप्पाला हवी होती ती दार लावल्यावरची चंद्रव्वा. डोक्यावर पदर नाही, केस मोकळे, हसणारी. तो फोटो ट्रंकेच्या तळाशी राहणार होता, दुसऱ्या कुणाच्या दृष्टीला पडणार नव्हता. हे बायकोला सांगायलाच त्याला फार दिवस लागले. ऐकून ती आधी हसली, मग रागावली, मग थोडी रडली, आणि मग तिनं विचारलं, "कंच्या लुगड्यात?"

तेव्हापासून रोज दुपारी सासूचा डोळा लागला की तालीम सुरू होई. चंद्रव्वा लोडाला रेलायची. कोपर घसरायचं. ती हसायची आणि हसली की तोंडावर हात जायचा.

"आत काय चाललंय गं?" एका दुपारी सासूचा, सावित्रम्माचा आवाज आला.

"उवा बघतोय, अत्ती!" चंद्रव्वा घाबरून बोलून गेली.

"तुज्या डोक्यात का त्याच्या?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"दोगांच्याबी!"

त्या संध्याकाळी सावित्रम्मानं दोघांना अंगणात पुढ्यात बसवून डोक्याला करंजाचं तेल चोळलं. तो वास शिकेकाईनं धुऊनही निघाला नाही.

पण सरावाचा गुण आला. चंद्रव्वाची भीड हळूहळू चेपली. पदर खांद्यावरच थांबू लागला, हात लोडावर राहू लागला. एकदा तर ती आरशाकडं बघून अशी हसली की शरणप्पाच्या हातातला डबा पडला. उलट शरणप्पाचा धीर दिवसेंदिवस आटत चालला. तिनं बसायचं होतं फक्त. फोटोवाल्याशी बोलायचं त्याला होतं.

दुकानात जाऊन फोटो काढणं शक्य नव्हतं. तिथं सगळीकडं काचा, बाकावर गिऱ्हाइकं. फोटोवाल्यालाच घरी आणायचं, तेही सोमवारी सकाळी, सावित्रम्मा सिद्धेश्वराच्या देवळात गेली की, असं ठरलं.

सोमवारी आईची पाठ वळताच शरणप्पा तिप्पण्णा फोटोवाल्याकडं धावला. तिप्पण्णा दुकान झाडत होता.

"फोटो काढायचाय," शरणप्पा धापा टाकत म्हणाला. "घरी यावं लागंल. आत्ताच."

तिप्पण्णानं झाडू खाली ठेवला. "कुणाचा?"

"घरातल्या... बाईमाणसाचा." शरणप्पाची मान खाली गेली.

"बसवून?"

"व्हय. पलंगावर."

"गर्दी जमलीय?"

"छे छे! कुणाला कळायच्या आत झालं पायजे. उशीर केला तर अव्वा..." आई परत येईल, हे त्याच्या तोंडून फुटेना. त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

तिप्पण्णानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी व्हा पुढं. हाराचं मी बघतो."

फोटोवाले हल्ली हारसुद्धा पुरवतात, याचं शरणप्पाला वाटेत कौतुक वाटलं.

तिप्पण्णा आला तो अनवाणी, मान खाली घालून, खांद्यावर कॅमेऱ्याची तीन पायांची तिकाटणी आणि काखेत काळं कापड घेऊन. दारात त्यानं हळूच विचारलं, "कुटं बसवलंय?"

"आत."

तो आत गेला. पलंगावर चंद्रव्वा बसली होती. नवं इरकल, मोकळे केस, केसांत मोगऱ्याचा गजरा. पावलं वाजताच तिनं सरावाप्रमाणे मान तिरकी केली आणि हसली.

तिप्पण्णाच्या खांद्यावरून तिकाटणी धाडकन खाली आली. "ह्या... ह्या तर जित्त्या हायत!"

"मग कशा असाव्यात?" शरणप्पा म्हणाला आणि त्याच क्षणी त्याच्या पायाखालची फरशी सरकली.

कारण त्या गल्लीत फोटोवाला घरी यायचा तो एकाच कामाला. धडधाकट माणूस नवे कपडे घालून स्वतः दुकानात जाई. ज्याला पायांनी जाता येत नसे, त्याच्यासाठी कॅमेरा घरी येई. त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला भस्म लावून, हार घालून बसवायची रीत. त्या बसलेल्या माणसाचा एक फोटो काढून घेतला की मग पुढची तयारी. शरणप्पाच्या वडलांचाही असाच काढला होता, याच अंगणात. पण लाजेच्या भरात त्याला हे काही म्हणजे काही सुचलं नव्हतं.

"मला वाटलं सावित्रम्मा..." तिप्पण्णा कपाळ पुसत म्हणाला.

"शिव शिव! अव्वा देवळात गेलीय!"

"मग यायच्या आत उरकू. पण हितं उजेड न्हाई. मेलेलं माणूस असतं तर कॅमेऱ्याची काच घटकाभर उघडी ठेवली असती. जित्तं माणूस हलतं वो. पलंग अंगणात घ्यावा लागंल."

"अंगणात?" चंद्रव्वाचा हात डोक्याकडं गेला, पण तिनं तो निग्रहानं खाली आणला. इतक्या दिवसांचा सराव वाया घालवायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. "कडी लावा रस्त्याच्या दाराची," ती म्हणाली आणि आधी अंगणात जाऊन उभी राहिली.

दोघांनी पलंग उचलला. अर्धा पलंग दारातून बाहेर आला आणि मागचे पाय चौकटीत अडकले. पुढं ओढला तर चौकट करकरे, मागं ढकलला तर भिंतीचा गिलावा पडे. पलंग आत नाही, बाहेर नाही, असा बसला. आणि खोलीत जायची तेवढीच एक वाट होती.

"तिप्पण्णा," शरणप्पानं अचानक विचारलं, "हार कुणाला सांगितला?"

"बजाबाई फुलवालीला."

"काय सांगितलं?"

"काही न्हाई. मोठा हार सावित्रम्माच्या घरी, येवढंच. बाकीचं तिला आपसूक कळलं. लगेच रडाय लागली."

दार वाजलं.

"हारच असंल. घेऊन कटवतो तिला," असं म्हणत शरणप्पा अडवायच्या आत तिप्पण्णानं कडी काढली.

हार होता. हारामागं बजाबाई होती आणि बजाबाईमागं गल्ली होती. शेजारची गिरिजाबाई सगळ्यांना ढकलून पुढं आली, तिनं दारात अडकलेला पलंग पाहिला, कॅमेरा पाहिला आणि गळा काढला.

"सावित्रम्मा गं! काल तर माज्याकडनं परात नेलीस गं! आता परात कुणाला मागू गं?"

"अवो, तसं न्हाई..." शरणप्पा पुढं झाला.

"बोलू नको लेकरा, तरास करून घेऊ नको," म्हणत घोंगड्यांचे व्यापारी धुळाप्पा यांनी त्याचं तोंड आपल्या छातीशी दाबून धरलं. धुळाप्पा अंगानं भरदार होते. त्यांच्या सदऱ्यातून शरणप्पाचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही.

मग गिरिजाबाईला चंद्रव्वा दिसली. आत जायला वाट नव्हती म्हणून ती बिचारी पलंगाच्या आडोशाला भिंतीला चिकटून उभी होती. रडणं एकदम थांबलं.

"आगं आई! सासू जाऊन घटका न्हाई झाली, आन ही गजरा माळून हुबी!"

"नवं लुगडं बी नेसलीय," कुणी तरी म्हणालं.

"अत्ती देवळात गेल्यात," चंद्रव्वा कशीबशी म्हणाली.

"व्हय पोरी," धुळाप्पा गहिवरून म्हणाले, "आता ती देवापाशीच."

चंद्रव्वानं नवऱ्याकडं पाहिलं. गजरा कशासाठी, हे सांगावं तर जन्मभर गल्लीत मान वर करता येणार नव्हती. न सांगावं तर सासू मेल्यावर नटणारी सून म्हणून नाव राहणार होतं. नवरा धुळाप्पांच्या छातीवर होता. तिनं तिप्पण्णाकडं पाहिलं. तिप्पण्णा काळ्या कापडात शिरला.

"मी सांगते," बजाबाई डोळे पुसत म्हणाली. "म्हातारीनं जाच केला असंल. पोर सुटली आज."

"मला बी वाटायचंच," गिरिजाबाई म्हणाली. "कवा माहेरी धाडली न्हाई, कवा नवऱ्यासंगं गड्ड्याच्या जत्रंला धाडली न्हाई. आता पोरगं निघालं कुर्डुवाडीला, तर हिला ठेवून घेणार होती म्हनं, भांडी घासायला! गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये, पण..."

"बोल की. थांबलीस का?"

हा आवाज गर्दीच्या मागून आला. सावित्रम्मा प्रसादाची वाटी घेऊन बराच वेळ तिथं उभी होती. आल्या आल्या तिनं "काय झालं वो?" असं विचारलं होतं आणि पुढच्या माणसानं मागं न बघता "गप, म्हातारी गेली" असं सांगितलं होतं. कोण म्हातारी, हे तिला परातीवरून कळलं. आपल्यामागं लोक काय बोलतात ते ऐकावं म्हणून ती गप्प राहिली होती. परात तिनं गिळली. भांडी मात्र घशाखाली उतरली नाहीत.

"परात आत्ता देते, गिरिजा," ती पुढं येत म्हणाली.

गिरिजाबाई मटकन खाली बसली. बजाबाईच्या हातातला हार सुटला, तो धुळाप्पांनी झेलला, आणि त्यासाठी त्यांना शरणप्पाला सोडावं लागलं. इतक्या वेळानं शरणप्पाला मोकळा श्वास मिळाला, पण तो घ्यायचंही त्याला भान नव्हतं.

सावित्रम्मानं अर्धवट पलंग पाहिला. काळं कापड पाहिलं आणि त्याखालचे तिप्पण्णाचे दोन पाय पाहिले. मग सुनेचे मोकळे केस, गजरा, इरकल. मग मुलाचं तोंड. चंद्रव्वाचे कान तापले. आता ही सगळ्यांदेखत विचारणार, असं वाटून तिनं डोळेच मिटून घेतले.

"बघता काय असं?" सावित्रम्मा गल्लीला म्हणाली. "फोटोवाला मीच बोलावलाय. पोरगं परगावी चाललं, सून संगं चालली. जायच्या आदी सुनंबरोबर माजा येक फोटो नको?"

"सून बी चालली?" गिरिजाबाईनं बसल्या जागेवरून विचारलं.

"मग? पोरगं तितं हातानं भाकरी थापंल व्हय? सुनंला डांबून ठेवायला मी काय कैदाशीण हाय?"

हे शेवटचं वाक्य तिनं एकेकाच्या तोंडाकडं बघत म्हटलं. शरणप्पानंही ते सगळं प्रथमच ऐकलं. त्याचं तोंड उघडं राहिलं.

"ताक पायजे का रं?" सावित्रम्मानं विचारलं. त्यानं तोंड मिटलं.

मग ती बाहेर आलेल्या अर्ध्या पलंगावर मांडी घालून बसली. "आणलाच हाय तर घाल," म्हणून तिनं धुळाप्पांकडून हार घालून घेतला. सुनेला शेजारी ओढलं, तिचे केस स्वतःच्या हातानं मागं बांधले, पदर डोक्यावर ओढून दिला आणि तिच्या खांद्यावर हात असा ठेवला की गल्लीच्या टोकावरूनही दिसावा.

"जरा हसा," कापडातून तिप्पण्णा म्हणाला.

कुणीही हसलं नाही.

लोक गेल्यावर सावित्रम्मानं त्या सकाळबद्दल एक शब्द काढला नाही. तिच्या न बोलण्यानंच दोघं दिवसभर अर्धमेली झाली होती. संध्याकाळी सुताराला बोलावून चौकट खोलली तेव्हा फक्त म्हणाली, "पलंग आत कशाला ठेवता परत? कुर्डुवाडीला न्यायचाच हाय की." दोघांनी जमिनीकडं पाहिलं.

पलंग गेला, चंद्रव्वा गेली आणि मागोमाग फोटोही गेला. "माज्याबिगर करमायचं न्हाई तुमाला," असं म्हणून सावित्रम्मानं तो चौकटीत बसवून पाठवला होता. कुर्डुवाडीच्या त्या एका खोलीत खिळा एकाच भिंतीला होता, पलंगासमोरच्या. गळ्यात हार घातलेली सावित्रम्मा तिथून टक लावून बघत असे. नवे शेजारी येत, हात जोडत, आणि 'कधी वारल्या?' असं हळूच विचारत. दिवेलागण झाली की चंद्रव्वा मुकाट्यानं उठे आणि शरणप्पाचा ऑफिसचा कोट त्या फोटोवर टांगून ठेवी.

दिवाळीला सावित्रम्मा स्वतः आली. येण्याच्या गडबडीत कोट काढायचा राहून गेला होता. तिनं तो उचलला, खालचं आपलंच तोंड पाहिलं.

"धूळ लई बसते वो, अत्ती," चंद्रव्वा लाल होत म्हणाली.

सावित्रम्मानं कोट दारामागच्या खुंटीवर अडकवला. चार दिवस राहिली. परत जायच्या सकाळी गाडीची वेळ झाली, शरणप्पा गाठोडं घेऊन बाहेर उभा होता, तेव्हा ती दारातून मागं फिरली. खुंटीवरचा कोट काढला, फोटोवर नीट टांगला, बाह्या सारख्या केल्या, आणि निघाली.