तीन पायांचा घोडा

टिकलीचे बाबा खेळाच्या खोलीत वेळेआधी पोचले, इथेच घोटाळा झाला. त्यातून ते एका गोदामाचे स्टोअरकीपर. पसारा दिसला की त्यांचे हात शिवशिवत.

कोपऱ्यात वाळूने भरलेला लाकडी ट्रे होता. त्यात गाय घराच्या छपरावर, बाहुलीचं बाळ ऐसपैस पलंगावर आणि तीन पायांचा एक घोडा पार कडेला आडवा. बाबांनी बाह्या सरसावल्या. जनावरं एका रांगेत लागली, माणसं उंचीनुसार उभी राहिली, वाळू पट्टी फिरवून सपाट झाली. घोडा मोडका, म्हणजे बाद माल. तो केराच्या डब्यात गेला. केर न्यायला मावशी आल्या, तेव्हा बाबांनी डबा स्वतःच्या हाताने उचलून दिला.

तेवढ्यात खेळताई आल्या. मुलांशी खेळता खेळता त्यांच्या मनातली गाठ सोडवणं हे त्यांचं काम. ट्रे बघून त्या मटकन खालीच बसल्या.

"हे तुम्ही केलंत?"

"हो! आभार वगैरे नकोत हं."

"अहो, ते टिकलीने मांडलं होतं. जे तिला बोलता येत नाही, ते ती इथे मांडते. मी त्यातल्या कशालाही हात लावत नाही. आणि... घोडा कुठाय?"

धाकटा भाऊ घरी आल्यापासून टिकलीने तोंडातून शब्द काढला नव्हता. डॉक्टरांनी घसा तपासला, आजीने दटावून पाहिलं. ती आपली नुसती मान हलवायची. या खोलीत यायचं म्हटलं की मात्र आपणहून चपला घालायची. आणि तिचाच घोडा आपण फेकून दिला!

बाबा मागच्या अंगणात धावले आणि कचऱ्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला.

"साहेब, काय हरवलं?" मावशींनी विचारलं.

"घोडा!"

मावशी जरा लांब सरकल्या.

घोडा सापडला. भरपाई म्हणून बाबांनी पेन्सिलीचा तुकडा चिकटपट्टीने लावून त्याला चौथा पायही बसवून दिला आणि तो ट्रेमध्ये उभा केला.

टिकली आत्याचा हात सोडून आत आली ती ट्रेपाशी थबकली. घोडा उचलताच तिचे ओठ थरथरू लागले. बाबा काही बोलणार, तोच खेळताईंनी ओठावर बोट ठेवलं. मग टिकलीशेजारी मांडी घालून हळूच म्हणाल्या, "कुणीतरी खूप रागावलंय."

"मग! याला तीनच पाय आहेत!" टिकली कडाडली. "चौथा त्याने बाळाला दिलाय. बाबांना काही म्हणजे काही कळत नाही!"

इतक्या आनंदाने बोलणी आजवर कुणी खाल्ली नसतील. बाबांनी घाईघाईने पेन्सिल उपटली. "चुकलंच माझं. पण मग हा चालणार कसा गं?"

"चालतच नाही. उचलून घ्यावं लागतं त्याला." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पण कुणी घेतच नाही."

बाबांचे डोळे भरून आले. खेळताई काहीच बोलल्या नाहीत. असं गप्प बसून वाट बघायला केवढा धीर लागतो, हे बाबांना आत्ता कळलं. त्यांनी मनोमन या बाईंना हात जोडले.

निघताना टिकली दारापर्यंत धडधाकट चालत आली. उंबरठ्याशी मात्र लंगडायला लागली.

"कोणता पाय गं?"

टिकलीने थोडा विचार केला. "दोन्ही."

बाबांनी तिला उचलून घेतलं. चांगलीच जड झाली होती. वळताना त्यांची नजर ट्रेवर गेली. गाय पुन्हा छपरावर चढली होती, तीही तिरकी. बाबांचे हात शिवशिवले, पण दोन्ही गुंतले होते.