विशूला चावलेला कुत्रा

मी जागरूक आई आहे. विशूच्या डब्यातली भेंडी कुणाच्या पोटात जाते, त्याची कट्टी कुणाशी आहे, दात कोणता हलतोय, सगळं मला तोंडपाठ! माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

पालकसभेत विशूच्या वर्गशिक्षिका अमृता मॅडम म्हणाल्या, "तिसरीची मुलं आता जोडीनं लिहिणार. एकानं लिहायचं, जोडीदारानं वाचून एक आवडलेली गोष्ट सांगायची, एक प्रश्न विचारायचा. मग पहिल्यानं पुन्हा लिहायचं," तेव्हा मागून एक बाबा कुरकुरले, "मग मॅडम काय करणार?"

मी ताडकन उठले. मानसशास्त्रात एम.ए. केलं ते अशा वेळी गप्प बसायला? "यातूनच मुलं विचार करायला शिकतात!" टाळ्या पडल्या. विशूची जोडी लागली प्रेरणाशी. दोन घट्ट वेण्या आणि नजर तिकीट तपासनीसाची!

आठवड्याभरानं दप्तर आवरताना विशूचा निबंध हाती लागला. 'माझा रविवार'.

'मी पोहे खाल्ले. गल्लीत काळा कुत्रा आला. तो मला कडकडून चावला. रक्त आलं. मी आईला सांगितलं नाही, कारण ती लगेच घाबरते.'

दप्तर तिथंच टाकून मी बाहेरच्या खोलीत धावले!

"विशू! कुत्रा चावला?"

"हो, कडकडून," तो कार्टूनवरची नजर न काढता म्हणाला. "आवडलं तुला?"

"आवडलं?!"

"प्रेरणाला लई आवडलं. ती म्हणाली, अजून रक्त पाहिजे."

हे ऐकून मी अशी किंचाळले, की शेजारच्या गोजरकाकू लाटणं घेऊनच आल्या.

"अगं बया! तिखट भर जखमंत, लगोलग!"

विशूला मी उलटंसुलटं करून पाहिलं. "जखमच सापडंना, काकू!"

"मंग आतून असंल!"

मी वाळूजला नवऱ्याच्या कंपनीत फोन लावला. "अहो, विशूला कुत्रा चावला! केव्हाच! आणि आतून!" राजेंद्र गणवेशातच निघाले. तेवढ्यात काकूंनी विशूसमोर पाण्याचा तांब्या धरला. पिसाळलेल्याला म्हणे पाण्याची भीती वाटते. विशू म्हणाला, "नको." झालं! काकूंनी पदर तोंडाला लावला. खरं तर त्यानं नुकतंच सरबत प्यायलं होतं, पण हे सुचायला डोकं जागेवर लागतं!

रिक्षावाल्याला काकूंनीच दम भरला, "पळव रे बाबा, पोरगं कवाबी भुंकंल!" बिचारा मुकुंदवाडीपासून दवाखान्यापर्यंत मागं बघत बघतच चालवत होता.

दवाखान्यात राजेंद्रही धापा टाकत पोचले. नर्सनं सुई तयार ठेवली. डॉक्टरांनी विचारलं, "बाळा, कुठं चावला?"

"अजून ठरलं नाही."

"म्हणजे?"

"हाताला की पायाला, ते प्रेरणा उद्या सांगणार आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. एकदा विशूकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. तेवढ्यात विशूला सुई दिसली आणि त्यानं भोकाड पसरलं.

"मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा कुत्रा नुसता दिसला होता! प्रेरणानं विचारलं, मग पुढं काय झालं? काहीच झालं नव्हतं! म्हणून दुसऱ्यांदा लिहिताना चावला!"

"आणि आईला सांगितलं नाही, ते?" मी विचारलं.

"प्रेरणानं विचारलं, तुझी आई काहीच कशी म्हणाली नाही? मग तेपण घातलं."

नर्स सुई ठेवून बाहेर पळाली. तिचं हसू पार औषधांच्या दुकानापर्यंत ऐकू येत होतं. राजेंद्र एवढंच म्हणाले, "पण यातूनच मुलं विचार करायला शिकतात, नाही का?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी तणतणत तिथं गेले. म्हटलं, मॅडमना स्पष्टच सांगते. मॅडमनी शांतपणे विशूचं नवं लिखाण पुढं केलं. पठ्ठ्यानं यावेळी सगळं खरं लिहिलं होतं! माझी किंकाळी, काकूंचा तांब्या, रिक्षा, दवाखाना. खाली प्रेरणाचं गोल गोल अक्षर:

'काकू आणि रिक्षावाले आवडले. प्रश्न: आई इतकी का ओरडते? अशी आई कुठं असते का? खोटं वाटतं. थोडी कमी कर.'

आणि विशूनं, माझ्या पोटच्या पोरानं, मला निम्मं खोडलं होतं!