सोवळ्यातली इस्त्री

इस्त्री कोणाची उसनी घ्यायची नाही, एवढंच यशवंतरावांनी ठरवलं होतं. पुढचं सगळं आपोआप झालं.

रायपूर राजधानी झालं आणि शंकर नगरात एक क्लब निघाला. हलक्या लाकडाची छोटी विमानं बनवायची आणि मैदानात नेऊन रिमोटवर उडवायची. (राज्य नवं मिळालं की माणसांना काय काय सुचतं!) रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपातून रिटायर झालेले यशवंतराव एकदा नुसते बघायला गेले आणि पछाडल्यासारखे घरी आले. जन्मभर लोखंड ठोकलेला माणूस, आता फुंकरीनं उडेल अशी लाकडाची पट्टी तळहातावर घेऊन बायकोच्या मागं फिरू लागला.

"बघ पद्मिनी, काही वजन लागते का हाताले?"

"तुमच्या डोक्याएवढंच हाय," पद्मिनीबाई म्हणाल्या आणि कणीक मळत राहिल्या.

सांगाडा झाला. झकास झाला. आता त्यावर लाल चमकदार कागद चढवायचा होता. कागद म्हणायचं, असतं प्लॅस्टिकच. मागून गोंद लावलेला असतो. त्यावर बेताची गरम इस्त्री फिरवली की तो चिकटतो, जरा जास्त गरम फिरवली की ढोलकीच्या कातड्यासारखा तट्ट ताणून बसतो, आणि त्याहून जास्त झाली की भोक. म्हणजे सगळा खेळ इस्त्रीचा.

क्लबात धर्मपालनं त्यासाठी खास इस्त्री मागवली होती, लहान पोराच्या बुटाएवढी. धर्मपाल म्हणजे वर्कशॉपातलाच जोडीदार. मनानं चांगला, पण तोंडानं नाही.

"काय बे यशवंत्या, घेऊन जाय नं माही इस्त्री. तुह्यानं जमून नाही राहिलं."

"तुही इस्त्री? अबे, तुले पाना धराले मी शिकवलं!" यशवंतराव उसळले. आणि उसळले ते सगळ्या क्लबासमोर. "येत्या रविवारी माह्या हातचं विमान, माह्या इस्त्रीनं चढवून, उडवून दाखवतो. नाही उडलं तं क्लबात पाय ठेवणार नाही!"

बोलून बसले. क्लब सुटला तर घरात बसून वाटाणे सोलणं आलं, हे त्यांना परतीच्या रिक्षात सुचलं.

घरची रोजची इस्त्री आधी घेतली. ती वॅगनचाच सुटा भाग असावी. टेकवली तिथं भोक! चौकातल्या प्रेसवाल्याकडून जुनी कोळशाची विकत घेतली. तिच्यातून निखारा पडला आणि शेपटी गेली. नवी शेपटी करून मग पितळी लोट्यात निखारे भरून तो फिरवला. (त्यांच्या बापाचं धोतर असंच कडक होत असे.) कागद पापडासारखा फुलला.

आणि मग त्यांची नजर माळ्यावर गेली.

माळ्यावर एक इस्त्री होती. वर्षभर मऊ मलमलीत गुंडाळलेली. महालक्ष्म्या घरी यायच्या त्या दिवशी पद्मिनीबाई अंघोळ करून सोवळ्यात ती काढायच्या, ज्येष्ठा-कनिष्ठेच्या साड्यांवर तीच मलमल अंथरून वरून इस्त्री फिरवायच्या आणि परत गुंडाळून ठेवायच्या. त्या इस्त्रीला घरच्या शर्टाची सावलीही कधी लागली नव्हती. सुनेला हात लावायची मनाई होती. यशवंतरावांना तर तिच्याकडे बघायचीही.

महालक्ष्म्या दुसऱ्याच दिवशी यायच्या होत्या. पद्मिनीबाई गोलबाजारात गेल्या होत्या. यशवंतराव स्टुलावर चढले.

काय इस्त्री होती ती! हलकी, गुळगुळीत, आणि रेशमाच्या खुणेवर काटा ठेवला की नेमकी हवी तेवढीच गरम. पंखावरून अशी सरकली की यशवंतरावांच्या तोंडून "वा माय!" निघालं. सुरकुतीचं नाव नाही! टिचकी मारली तर टण्! त्या आनंदात त्यांनी पिवळ्या कागदातून दोन मैना कापल्या, दोन पंखांवर दोन. पहाडी मैना, आपल्या नव्या राज्याचा पक्षी. डाव्या पंखावरची बसली. दुसरीचा मागचा कागद सोलून ती टेबलावर ठेवली, तोच फाटक वाजलं.

"अहो, पिशवी घ्या जरा!"

बटण बंद, इस्त्री मलमलीत, मलमल माळ्यावर, यशवंतराव फाटकात. रेल्वेत एवढ्या चपळाईनं कामं केली असती तर फोरमन होऊन निघाले असते.

नंतर दुसरी मैना काही सापडली नाही. टेबलाखाली बघितलं. बनियनला चिकटली का, तेही बघितलं. उडाली असेल म्हणाले आणि नाद सोडला. (पक्षीच तो.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महालक्ष्म्या बसल्या. शेजारच्या प्रेमलाबाई हळदीकुंकवाला आल्या आणि उंबऱ्यातूनच ओरडल्या, "अवं माय! वैनी, हे काय वो?"

थोरलीच्या हिरव्या साडीवर, पदराच्या मधोमध, पिवळाधमक पक्षी!

"हंस हाय!" प्रेमलाबाईंनी हात जोडले.

"हंस कुठचा? मोर हाय," पाठोपाठ आलेल्या शांताबाई म्हणाल्या. "वैनी, तुम्ही काढला?"

"मले कुठं येते चित्र काढता?" पद्मिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "इस्त्री केली, मलमल उचलली, पाहतो तं हा बसलेला."

यशवंतरावांच्या डोक्यात उजेड पडला. गोंद उघडा, मलमल जवळ, घाईत गुंडाळली, आणि सोवळ्यातल्या इस्त्रीनं मैना नेमकी देवीच्या पदराला चिकटवली!

रात्र व्हायच्या आत ब्राह्मणपाऱ्यातल्या बायकांची रांग लागली. (पारा म्हणजे तिकडचा मोहल्ला.) सकाळी रुळांपलीकडच्या गुढियारीतून बायका रिक्षा भरभरून आल्या. "दीदी, दर्शन हो जाएगा क्या?" पद्मिनीबाई सगळ्यांना कुंकू लावत होत्या आणि चेहरा असा उजळला होता की यशवंतरावांनी लग्नातही तो तसा पाहिला नव्हता. आता कोणत्या तोंडानं सांगावं?

जेवायला धर्मपाल आला. पदराकडे टक लावून बघितलं, मग वाकून यशवंतरावांच्या कानात म्हणाला, "कोंबडी हाय का बे?"

"चूप."

"गोंद मस्त बसला पण. एक कडा उठली नाही. रविवारी येऊन राहिला नं?"

यशवंतरावांनी अर्धी पुरणपोळी ताटात परत ठेवली. गेलं नाही तर क्लब सुटतो. गेलं तर डाव्या पंखावर देवीच्या पक्ष्याची सख्खी बहीण बसलेली! पंगत उठल्यावर त्यांनी ती मैना नखानं उचकटून बघितली. हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा काम एवढं पक्कं झालं होतं.

रविवारी विमान टॉवेलात गुंडाळून ते मागच्या दारानं निघाले. मैदानात पोचून बघतात तर पद्मिनीबाई पाऱ्यातल्या बायका घेऊन हजर.

"म्हटलं, तुमचं विमान तं पाहू," त्या म्हणाल्या.

यशवंतरावांनी टॉवेल घट्ट धरला. धर्मपालनं ओढला. (जोडीदार असे असतात.) डाव्या पंखावरची मैना उघडी पडली. मग प्रेमलाबाई किंचाळल्या, "वैनी! हंस विमानावर बी उमटला वो!"

कोण कुठून हळद काढतं, कोण कुंकू! विमानाच्या नाकाला टिळा लागला, पंखावर कुंकू पडलं, शेपटीत झेंडू खोचला गेला. यशवंतरावांनी झेंडू हळूच काढून खिशात टाकला आणि इंजिन चालू केलं. भर्रर्र! विमान गवतावरून धावलं, उड्या मारल्या, आणि उचललं गेलं! लाल पंख उन्हात चमकत वर, अजून वर, झाडांच्या वर! वळलं, परत डोक्यावरून सूं करत गेलं, पंखावरचं कुंकू प्रेमलाबाईंच्या अंबाड्यावर सांडलं. यशवंतराव रिमोट धरून लहान पोट्ट्यासारखे नाचले.

"उडलं! धर्मपाल, उडलं बे!"

"देवीनं उडवलं!" शांताबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. सगळ्या बायकांनी हात जोडले. क्लबवाल्यांनीही जोडले.

"उडवलं म्हणजे... मी..." यशवंतराव सुरू झाले.

"हव, सांग नं!" धर्मपाल मैदानभर ऐकू जाईल असा ओरडला. "कोणती इस्त्री वापरली बे?"

सगळा पारा यशवंतरावांकडे बघत होता. पद्मिनीबाईसुद्धा.

"देवीची कृपा," यशवंतराव म्हणाले. आणि वर विमान त्यांच्या हातच्या कामाची शान मिरवत गोल फिरत राहिलं.

घरी आल्यावर पद्मिनीबाईंनी माळ्यावरची इस्त्री काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"घ्या. आता तुमचीच. मले नवी आणा."

"तुले... कधी समजलं?"

"इस्त्रीच्या कडेले लाल कागद चिकटला होता तवाच. आणि पदर का आपोआप पुढं येते? निघत नव्हता तुमचा पक्षी, मग मीच समोर घेतला. दरवर्षी त्या प्रेमलाच्या मखराचं कौतुक ऐकून कान किटले माहे."

यशवंतरावांना भरून आलं. काहीतरी गोड बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"पुढच्या वर्षी दोन कापा," पद्मिनीबाई दिवा लावता लावता म्हणाल्या. "धाकटी रुसली असंन."

"कापतो नं! जोडीच कापतो मैनेची."

पद्मिनीबाईंनी वळून बघितलं.

"मैना होती काय ते? मी तं दोन दिवस बदकाले कुंकू वाहिलं."