चोवीस खांबांची निष्पक्ष चाचणी

"आज दुपारी दोनच्या आत कुंपण उभं! लिहून घे!" शनिवारी सकाळी सातला काटेकोरांनी बायकोला ठणकावून सांगितलं आणि चहाचा कप बशीच्या बरोबर मध्यावर ठेवला.

काटेकोर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून गेलेली, तेव्हा बाजारातल्या दुकानदारांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी हे गृहस्थ दुधाच्या पिशवीतलं दूध रोज मापून बघायचे. आता काय बोलणार!

"लिहून कशाला घेऊ?" बायको म्हणाली. "मी टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय. दोनला कुंपण नसलं, तर सगळी रोपं टेम्पोत घालून मी निघाले भावाकडे. त्याच्याकडेच लावीन."

ही नुसती धमकी नव्हती. जेवायच्या टेबलावर टोमॅटोची रोपं, दिवाणावर मिरच्या, कपाटावर वांगी! दोन दिवसांत जमिनीत गेली नाहीत तर सगळी माना टाकणार होती. आणि परसात लावायची तर शेजारच्या शेळ्या टपलेल्याच. दोन वर्षं त्यांनी बाग फस्त केली होती. गेल्या वर्षी वांग्याचं शेवटचं झाड शेळीच्या तोंडातून ओढताना बायकोला रडू कोसळलं होतं, आणि ते रडणं काटेकोरांना अजून बोचत होतं. त्यात तो मेहुणा! त्याने स्वतः घण मारमारून एका दिवसात आपलं कुंपण घातलं होतं. भेटेल तिथे विचारायचा, "काय दाजी, झालं का कुंपण?" आणि वर खो खो हसायचा.

लोखंडी खांब आणून ठेवलेले होते, मोजून चोवीस. पण परसातली जमीन अशी की पहार मारली तर पहारच उसळून अंगावर यायची. म्हणजे यंत्र हवं. म्हणून काटेकोरांनी यंत्रं भाड्याने देणाऱ्या शेठला फोन लावला.

"खांब ठोकायचं यंत्र आहे?"

"चार आहेत, साहेब!"

"त्यातलं चांगलं कुठलं?"

"चारही चांगली!"

"चारही चांगली असं नसतं, शेठ. मोजल्याशिवाय चांगलं-वाईट ठरत नाही."

"मग येऊन बघा की! माझ्या दुकानामागची मोकळी जागापण दगडासारखी आहे. ट्रायल फुकट. फक्त एखादा खांब घेऊन या."

एखादा? काटेकोर स्वतःशीच हसले. नमुना काढायचा तो संपूर्ण मालातून, डोळे मिटून! आपल्या हाताने निवडून नेलेला एक खांब हा काय नमुना झाला? त्यांनी चोवीसच्या चोवीस खांब गाडीवर चढवले, सोबत वही, पेन्सिल, टेप, दोरी, पाणसळ आणि सेकंद मोजायचं घड्याळ घेतलं आणि आठच्या ठोक्याला शेठच्या दारात हजर!

पहिलं यंत्र विजेवर चालणारं. शेठच्या मिस्त्रीने प्लग लावला, बटण दाबलं आणि धाडकन दुकानांच्या सगळ्या ओळीची वीज गेली. शेजारच्या सलूनमधून एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण घेऊन रस्त्यावर आलं. ती भानगड निस्तरून खांब आत गेला तेव्हा घड्याळ म्हणत होतं तीन मिनिटं दहा सेकंद.

दुसरं पेट्रोलवर चालणारं. दोन मुठी धरायच्या आणि यंत्र खांबाच्या डोक्यावर बसवायचं. काटेकोर म्हणाले, "मीच धरतो." यंत्र सुरू झालं मात्र, त्यांचा चष्मा नाकावरून निघाला तो थेट सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत गेला!

"क-क-कंपनं ज-ज-जास्त!" ते ओरडले.

"सोडा साहेब, खांब आत गेला!" मिस्त्री म्हणाला.

"क-क-कधी?"

यंत्र बंद होऊन अर्धं मिनिट झालं होतं. काटेकोरच हलत होते.

तिसरं हवेच्या दाबावर चालणारं, त्याच्यामागे हवेची एवढी मोठी टाकी. चौथा ट्रॅक्टरच्या पाठीवर बसवलेला यांत्रिक घण. त्याने दोन ठोक्यांत खांब असा आत घातला की काटेकोरांना घड्याळ सुरू करायलाही सवड मिळाली नाही.

"हे बाद!" ते म्हणाले. "पुन्हा ठोका."

"पण खांब बसला ना, साहेब?"

"बसला, पण नोंद कुठे झाली? आणि एकाची नोंद पुन्हा घ्यायची तर चौघांची घ्यायला हवी. नाहीतर पक्षपात होईल!"

दुसरी फेरी झाली. आता काटेकोरांना शंका आली की विजेच्या यंत्राला मऊ जागा मिळाली असावी. निष्पक्ष व्हायचं तर सगळ्या खांबांना सारखी जमीन हवी, म्हणजे सगळे एका रेषेत हवेत, मोजून सहा-सहा फुटांवर! त्यांनी दोरी ताणली. आधीचे आठ खांब नशिबाने जागेच्या कडेलाच होते आणि अंतरही बरोबर भरलं. पाणसळ लावून एकेक खांब सरळ उभा आहे का ते तपासलं. प्रत्येक खांब धरून गदागदा हलवला आणि वहीत लिहिलं: हलत नाही, दहापैकी दहा.

शेठ गल्ल्यावरून हे सगळं बघत होता. आधी त्याचा जीव पेट्रोलसाठी वरखाली होत होता. बाराव्या खांबाला मात्र त्याच्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं. तो उठला, स्वतः चहा घेऊन आला आणि प्रेमाने म्हणाला, "साहेब, एक विचारू? त्या कोपऱ्यापलीकडची जमीन जरा वेगळी आहे हं. तिकडेही बघायला नको?"

"अर्थात! शेठ, तुमच्यात निरीक्षकाचे गुण आहेत!" काटेकोर म्हणाले, आणि चाचणीने काटकोनात वळण घेतलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, कुठवर आलं?"

"चौदा खांब ठोकून झाले! एकदम सरळ!"

"कुठे? मी परसात उभी आहे, मला एकही दिसत नाही. शेळी तेवढी दिसतेय."

"अगं, ही चाचणी आहे. यंत्र ठरलं की झालंच! ठेव फोन, ट्रॅक्टर आला."

अठराव्या खांबाशी काटेकोरांनी सहज मागे वळून पाहिलं, तर मिस्त्री पहिल्या खांबापासून तारेची जाळी बांधत येत होता! गोदामात वर्षभर पडून असलेली भेंडोळी शेठने बाहेर काढली होती.

"अरे, हे काय चाललंय?" काटेकोर कडाडले.

मिस्त्रीने शेठकडे पाहिलं. शेठने घसा खाकरला. "साहेब, नुसता खांब बसून काय उपयोग? जाळीचा ताण पडल्यावर खांब कसा राहतो, ते तपासायला नको का?"

काटेकोरांनी कपाळावर हात मारला. "एवढा मोठा मुद्दा माझ्याकडून निसटला कसा!" आणि वहीत 'ताण' नावाचा नवा रकाना आखला.

पावणेदोनला निकाल लागला. पेट्रोलचं यंत्र पहिलं! हाताशी सुटसुटीत, तार नको, टाकी नको, चष्म्याला दोरी बांधली की झालं. "हेच भाड्याने द्या!" काटेकोर विजयाने म्हणाले. "मिस्त्री, खांब भरा गाडीवर!"

मिस्त्रीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "कुठले खांब, साहेब?"

काटेकोरांनी मान वळवली. दोन बाजूंना दुकानाची आणि गोदामाची भिंत. उरलेल्या दोन बाजूंना दोन-दोन फूट खोल गेलेले त्यांचे चोवीस खांब, जाळीसकट! शिल्लक काही म्हणजे काही नव्हतं.

"उपटायचं यंत्र काढा!" त्यांचा आवाज चिरकला.

"ठोकायची चार आहेत साहेब, उपटायचं एकही नाही," शेठ म्हणाला. "आजवर कुणी मागितलंच नाही."

काटेकोरांनी पळत जाऊन एका खांबाला मिठी मारली आणि जोर लावला. मिस्त्रीने काटेकोरांना धरून जोर लावला. काटेकोरांच्या पाठीत कट्कन काहीतरी वाजलं, खांब होता तिथेच. सलूनवाल्याने आपल्या दारातून विचारलं, "मीही येऊ का?"

आणि तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला. भावाकडे जायचा रस्ता शेठच्या दुकानावरूनच जात होता. दोन वाजून गेले होते. बायको मिरच्यांचा ट्रे पोटाशी धरून खाली उतरली, आणि काटेकोर खांबाला मिठी मारून उभे! आता ही जाणार. आता तो मेहुणा वर्षभर हसणार.

बायकोने कुंपणाच्या कडेने एक चक्कर मारली. खांब हलवून पाहिला. जाळी ओढून पाहिली.

"हे कुणी केलं?"

"साहेबांनीच, वहिनी!" शेठ घाईघाईने म्हणाला. "एक नंबर काम!"

"अहो!" ती नवऱ्याकडे वळली. "किती सरळ घातलंय!"

बत्तीस वर्षांच्या संसारात तिने आपल्याकडे असं कधी बघितल्याचं काटेकोरांना आठवेना. ते खांब सोडायचंच विसरले.

"आत काय लावणार?" तिने शेठला विचारलं.

"लावणार काय, वहिनी? जुने टायर ठेवीन म्हणतो."

"टायर? टायर काय शेळ्या खाणार आहेत?"

बायकोने टेम्पोवाल्याला हाक मारली, "सगळे ट्रे उतरवा हो!" मग शेठला म्हणाली, "खांब आमचे, जागा तुमची. निम्मी भाजी तुमची. चालेल?" शेठने चोवीस खांबांकडे एकदा पाहिलं आणि निमूट मान डोलावली.

"फक्त जमीन फार कडक आहे," तो पुटपुटला. "पण माझ्याकडे जमीन फोडायची तीन यंत्रं आहेत. तिन्ही चांगली!"

काटेकोरांचे डोळे लकाकले. हात वहीकडे गेला. तोवर बायकोने कोपऱ्यातली कुदळ उचलून त्यांच्या हातात दिली होती.

"खणा," ती म्हणाली.

काटेकोर खणायला लागले. एक वाफा झाला, दोन झाले, सदरा भिजून अंगाला चिकटला, तळहातांना फोड आले, पाठीतला कट्कन आवाज परत परत येऊ लागला. बायको मागोमाग बसून लावत होती. मिरचीचं पहिलं रोप हातात धरून तिने वर पाहिलं.

"अहो, दोन रोपांत अंतर किती ठेवू? बरोबर सांगा हं, नाहीतर नंतर कुरकुराल."

काटेकोरांनी कुदळीवर टेकून दोन श्वास घेतले, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "ठेव गं अंदाजाने!"