वाघाला शंभरपैकी शंभर

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांचं खाऊनपिऊन बरं चाललं होतं. त्यामुळे त्यांना चिनी अक्षरं शिकावीशी वाटली.

शिकवायला करकोचेगुरुजी होते. ते एका हिवाळ्यात चीनवरून उडत आले होते. खाली उतरले नव्हते, पण वरून बरंच दिसलं, असं सांगत. त्यांनी एका रिकाम्या गुहेत वर्ग काढला.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "अक्षर कसं दिसतं ते सोडा. रेघा कोणत्या क्रमाने काढल्या ते महत्त्वाचं. आधी वरची, मग खालची. आधी डावी, मग उजवी. चौकट असेल तर आधी आतलं भरायचं, मग दार लावायचं. आणि सुटा ठिपका असेल तर तो सगळ्यात शेवटी."

वर कपारीत खार बसायची. खाली डावीकडून ससा, भेकर, मुंगूस आणि भिवराबाई साळिंदर. भिवराबाई स्वतःचाच काटा उपटून त्याने लिहीत. त्यांचं अक्षर सुंदर होतं, पण 'तोंड' या अर्थाचं चौकोनी अक्षर त्या खालच्या रेघेपासून सुरू करत.

"बाई, हे चुकलं," गुरुजी म्हणत.

"पण तोंडच दिसतंय ना?"

"दिसतंय तोंडच. पण हनुवटीपासून काढलंय. शून्य."

मग भिवराबाईंना गुहेबाहेर उभं राहावं लागे. तिथे हवा चांगली होती.

एके दिवशी रणोजीराव वाघ वर्गात आला. ससा बाकाखाली गेला.

"वर्गात कोणाचे दात बघायचे नसतात," गुरुजी सशाला रागावले. "हातात बोरू आहे की नाही, एवढं बघावं."

रणोजीराव फार मन लावून शिकला. कधी डावीआधी उजवी नाही, कधी वरच्याआधी खालची नाही. गुरुजी भेकराला म्हणायचे, "बघ, काहीतरी शीक त्याच्याकडून." भेकर मान खाली घालायचं.

परीक्षेचा दिवस उजाडला. अक्षर आलं 'देश'. म्हणजे एक चौकट आणि तिच्या आत बरंच काही.

रणोजीरावाने नम्रपणे विचारलं, "गुरुजी, लिहून दाखवू की करून?"

"करून दाखवा. प्रात्यक्षिकाला जास्त गुण आहेत."

रणोजीराव दाराशी गेला. बाहेर भिवराबाई उभ्या होत्या.

"बाई, आत चला. आधी आतलं भरायचंय."

भिवराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग आत, रांगेत बसलेल्या सगळ्यांकडे पाहिलं.

"मी आधी घरी जाते," त्या म्हणाल्या, "परीक्षा मग देईन. सशा, तूही चल."

"हा क्रम नाही, बाई," ससा ओशाळून म्हणाला.

भिवराबाई गेल्या. रणोजीरावाने मोठा दगड लोटून दार लावलं आणि तो थेट गुरुजींकडे वळला.

"रणोजीराव," गुरुजी शांतपणे म्हणाले, "मी ठिपका."

वाघ लाजला. माफी मागून त्याने वरून सुरुवात केली. आधी खार. मग डावीकडून ससा, भेकर, मुंगूस. गुरुजी प्रत्येक वेळी वहीत बरोबरची खूण करत होते. शेवटी त्यांनी शंभरपैकी शंभर लिहिले, प्रमाणपत्रावर सही केली, ती वाळेपर्यंत फुंकर घातली आणि म्हणाले, "हं, आता ठिपका."

संध्याकाळी घरची मंडळी गुहेशी जमली. भिवराबाईंनी पाहिलं ते सगळं सांगितलं.

"तुम्हाला किती गुण होते?" भेकराच्या आईने विचारलं.

"शून्य."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात दगड बाजूला सारून रणोजीराव बाहेर आला आणि त्याने प्रमाणपत्र दाखवलं. मुंगसाच्या काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"क्रम कुठेच चुकला नाही?" भेकराच्या आईने डोळे पुसत विचारलं.

"कुठेच नाही, काकू."

"मग ठीक आहे." तिने पदर सावरला. "धाकटीला घ्याल का? आता तुम्हीच शिकवणार असाल ना?"

रणोजीराव म्हणाला, "आणा की. डावीकडची एक जागा रिकामी आहे."

तात्पर्य : मुलांनो, अक्षर कसंही येवो, क्रम चुकवू नका. क्रम चुकवणाऱ्यांना शून्य गुण मिळतात आणि ते कपाळी घेऊन अगदी म्हातारं होईपर्यंत जगावं लागतं.