दत्तोपंतांच्या बढतीचं सुतक

दत्तोपंतांना बढती मिळाली की आम्ही त्यांच्या घरी समाचाराला जात असू. अगदी रीतसर. चपला दाराशी काढायच्या, सतरंजीवर मान खाली घालून बसायचं आणि थोड्या वेळानं कोणीतरी म्हणायचं, "चालायचंच दत्तोपंत. आपल्या हातात का असते?" त्यावर दत्तोपंत पंच्यानं कपाळ पुसत आणि म्हणत, "होय बुवा. झालं ते झालं." पेढे तर सोडाच, साधा चहासुद्धा मिळत नसे. अकोल्यात जठारपेठेत मी त्यांचा शेजारी आणि कंपनीत त्यांच्या पुढच्याच टेबलावर बिलं तपासणारा कारकून, त्यामुळे असे बरेच समाचार माझ्या वाट्याला आले.

आमची कंपनी कापसाची. जिनिंग, प्रेसिंग, सगळा कारभार अकोल्याला. हेड ऑफिस मात्र अमरावतीला, कारण शेठजींचं घर तिथं. दत्तोपंत तिजोरीवर कॅशियर म्हणून लागले. हंगामात रोकड कधी लागेल, कोणती बँक किती दिवस थांबेल, कोणत्या मॅनेजरला गोड बोलायचं आणि कोणाला नुसतं बसवून ठेवायचं, हे त्यांना उपजत कळे. म्हणून शेठजी त्यांना वर ढकलत गेले. हेड कॅशियर झाले, खजिना अधिकारी झाले, मग उपवित्त का काय ते झाले. बढती म्हणजे तिजोरी सुटणार या धास्तीनं प्रत्येक वेळी दत्तोपंतांची अट एकच. "कागदावर वाट्टेल ते नाव द्या बाप्पा, चावी माझ्यापाशी ठेवा."

ही चावी त्यांच्या जानव्याला बांधलेली असे. तिजोरीला दोन कुलपं होती आणि दुसरी चावी गोदामाच्या गुलाबरावांकडे. एका माणसानं तिजोरी उघडायची नाही, हा कंपनीचा नियम. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोघांना तिजोरीपुढे एकत्र यावंच लागे, आणि एकत्र आले की भांडण ठरलेलं. गुलाबराव भातकुलीकडचे शेतकरी गडी, आवाज शेताच्या धुऱ्यावरून हाक मारल्यासारखा. दत्तोपंत भिक्षुकाच्या घरातले, अंगानं काडी आणि तोंडानं लवंगी मिरची.

"लावा ना बुवा चावी! मुहूर्त पाहून रायले का?"

"तुमचं कुलूप गंजलंय गुलाबराव. त्याला तेल घाला. डोक्याला थापून काही उरलं तर."

"माह्या तेलाचे पैसे तुमच्या तिजोरीतून जाते का?"

पहिली चावी कोणी लावायची, वरणात गूळ घालावा की नाही, रिद्धपूरची यात्रा मोठी की आणखी कुठली, विषयाला तोटा नव्हता. एकमेकांच्या घराचा उंबरा मात्र दोघांनी कधी ओलांडला नाही. गुलाबरावांचं घर लेकरा-नातवंडांनी भरलेलं. दत्तोपंत एकटे. लग्नाचं विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणत आणि विषय बदलत.

शेवटचा समाचार सगळ्यात जड गेला. शेठजींनी त्यांना थेट मुख्य वित्त अधिकारी केलं. केबिन, शिपाई, राहायला बंगली, सगळं अमरावतीला. चावी अकोल्यातच राहणार. "एक महिना पाहतो," दत्तोपंत म्हणाले. "नाही करमलं तर राजीनामा देतो." शेठजींचा जीव टांगणीला लागला. हंगाम तोंडावर आलेला आणि बँका दत्तोपंतांच्या शब्दावर चालणाऱ्या. दुसरा माणूस आणायचा कुठून?

महिना भरत आला तेव्हा दत्तोपंत तपासणीला अकोल्यात आले. संध्याकाळी तिजोरी बंद करायच्या वेळी त्यांनी नव्या कॅशियरच्या हातातून चावी घेतली, कुलूप लावलं, गुलाबरावांना "नीट फिरवा, दरवेळी सांगू का?" असं झापलं, आणि सवयीप्रमाणे चावी जानव्याला बांधून अमरावतीची मोटार पकडली. नवा कॅशियर हात पुढे करून उभाच राहिला. साहेबांना कसं म्हणणार, जानव्याची गाठ सोडा म्हणून!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मजुरांचा पगार वाटायचा होता. सकाळीच मी आणि गुलाबराव जीपनं निघालो. वाटभर गुलाबराव करवादत होते. "साऱ्या कंपनीची चिंता वाह्यते म्हणे, अन् सोताच्या जानव्याची सुध नाई!"

केबिनमध्ये दत्तोपंत मोठ्या टेबलामागे एकटे बसले होते. आम्हाला पाहताच त्यांनी चावी पुढे केली.

"सकाळी आंघोळ करताना हाताला लागली," ते म्हणाले. "ट्रंक कॉल करता आला असता. नाही केला. म्हटलं, न्यायला कोणीतरी येईलच."

"कोणीतरी? माह्याबिगर कोण येईन?"

दत्तोपंत टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "मी आज राजीनामा देतो गुलाबराव. कामाचं काही नाही, काम जमतं. पण इथं मी काहीही म्हटलं तरी लोक ‘बरोबर आहे साहेब’ म्हणतात. परवा मुद्दाम चुकीचं बोललो. तरी बरोबर आहे म्हणाले. महिनाभर माझ्याशी कोणी भांडलं नाही हो."

 

गुलाबरावांनी चावी मुठीत घेतली आणि दाराकडे वळले. तिथं थांबून त्यांनी सगळ्या केबिनवर नजर फिरवली, बाजारात बैल पारखावा तशी.

"हे खुर्ची अशी काहून ठेवली? खिडकीकडं पाठ करून?"

"उजेड कागदावर पडावा म्हणून. समजत नसेल तर बोलू नये."

"उजेड नाई पडत, सावली पडते! तुमचीच! मोठे आले वित्त अधिकारी!"

"मग बसून दाखवा!"

"बसतो ना! भेतो का मी कोणाले?"

आणि गोदामाचे गुलाबराव मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसले. दारातला शिपाई आ वासून पाहत होता. बाहेर जीपवाला भोंगा वाजवत होता. दत्तोपंत टेबलाला वळसा घालून आले, कागद उजेडात धरून तावातावानं दाखवू लागले, आणि त्यांचा आवाज पार जिन्यापर्यंत जाऊ लागला.

शेवटी मी गुलाबरावांचा हात धरून त्यांना उठवलं. दारातून ते गुरगुरले, "सुटीच्या दिवशी येतो मी. तवरी हे खुर्ची फिरवून ठेवजा."

"मुळीच फिरवणार नाही," दत्तोपंत खुर्चीत बसत म्हणाले. "या तर खरं, मग पाहू."